हिरवं वाळलेलं पान

“आणि विष? ते कुठं जातं?” बुवांनी विचारलं.

तोडकर सरांनी पाटी मांडीवर ओढली आणि पेन्सिल चाचपली.

“लिहू नको. तोंडानं सांग.”

सरांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचं मौन होतं.

“मी सोडवलं मौन. बोल. तंबाखूचा ढीग उघडायचाय, दिवसभर बसायला वेळ न्हाई मला.”

सर खाकरले. दिवाळीपासून न वापरलेला घसा. गंजलेल्या कडीसारखा वाजला.

“विष... जात नाही, बुवा.”

“अजिबात न्हाई?”

“थोडं जातं. बाकीचं पानातच राहतं.”

“मग आम्ही इतके दिवस ह्या पानाचं करतोय तरी काय?”

...

सर गप्प झाले. या वेळचं गप्प बसणं व्रताचं नव्हतं.

इथं थांबून सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणायचा कोण बुवा आणि कोण सर.

निपाणीच्या बाजूला, वेदगंगेच्या काठाला आमचा मठ आहे. मठ म्हणजे काय, एक दगडी कट्टा, पत्र्याच्या दोन खोल्या, गोठा, एक मोठी शेड आणि तंबाखूचं रान. आल्यागेल्याला इथं भाकरी मिळते ती ह्या तंबाखूवर. लोक नाक मुरडतात. देवाचं ठिकाण आणि तंबाखू? बुवा म्हणतात, “रान दिलंय कुणीतरी. त्यात गुलाब येत न्हाईत.” बुवा स्वतः ओढत नाहीत, खात नाहीत. मी खातो. खाऊ नये हे मला माहीत आहे, कुणी सांगायला येऊ नये.

बुवांचं नाव रेवाप्पा. त्यांना राग येतो, हसू येतं, भूक लागते. दाढी नाही, चमत्कार नाही. तरी लोक येतात.

तसे विरूपाक्ष तोडकर आले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. तरुणपणी कुठल्याशा प्रयोगशाळेत तंबाखूचंच पान वाळवून, कुटून, उकळून त्यात काय काय आहे ते वेगळं काढायचं काम केलेलं. हुशार माणूस. मी म्हणतो म्हणून नव्हे, खरोखर हुशार. जन्मात कधी चुकलेला नाही. त्यांचं सगळं वाटोळं त्यानंच केलं.

त्यांना एकच लेक, नीला. शाळेत विज्ञान शिकवते. तिनं हौसेनं बापाला शाळेत पाहुणा म्हणून बोलावलं. वर्गात फळ्यावर तिनं आधीच सुंदर अक्षरात लिहून ठेवलेलं, ‘झाडे फक्त रात्री श्वास घेतात.’

सर भाषणाला उठले. आधी फळ्याकडं गेले. तळहातानं ते वाक्य पुसलं आणि त्या जागी लिहिलं, ‘झाडे दिवसाही श्वास घेतात आणि रात्रीही.’ हात झटकला आणि पोरांना म्हणाले, “हिला शिक्षिका कुणी केलं?”

पोरं हसली.

लेकीनं बोलणं टाकलं ते तेव्हापासून. आईच्या वर्षश्राद्धाला आली, वाढलं ते जेवली, ताट धुऊन ठेवलं आणि गेली. बापाकडं बघितलंसुद्धा नाही.

हे सगळं सरांनीच सांगितलं, मठात आले त्या पहिल्या दिवशी. वर बुवांना म्हणाले, “माझ्या जिभेत विष आहे. ते काढून टाका. मंत्र द्या.”

“बघू,” बुवा म्हणाले.

बघू म्हणजे काय, हे सरांना कळेना. त्यांना तारीख पाहिजे होती. मिळेना, तेव्हा दिवाळीला त्यांनी आपल्या मनानंच मौन घेतलं. जीभच बंद केली की विषाचा प्रश्न मिटला, असा त्यांचा हिशेब.

मौन घेतलं आणि त्याच दिवशी बाजारात जाऊन पाटी आणली.

मग काय विचारता. आमची गंगव्वा, मठाचा स्वयंपाक बघते, तिच्या तोंडापुढं पाटी. ‘आमटीत मीठ जास्त.’ भजनाला माणसं बसली की पाटी. ‘ताल चुकतो आहे.’ मी दोर बांधत होतो तर माझ्यापुढं पाटी. ‘गाठ उलटी आहे.’ गाठ उलटी होती, ती गोष्ट वेगळी.

गंगव्वा म्हणाली, “हे बाबा बोलत होतं तवा बरं होतं. कानाआड करता यायचं. आता डोळं मिटून स्वयंपाक करू काय?”



मग एक दिवस मठातल्या फोनवर नीलाचा फोन आला. बुवांशी बोलली. मंगळवारी येते म्हणाली. एकदाच येते. अप्पा, म्हणजे आमचे सर, पहिल्यासारखे बोलले तर त्याच एसटीनं माघारी जाईन, आणि परत येणार नाही.

त्याच एसटीनं म्हणजे अगदी थोडा वेळ. आमच्या फाट्यावर माणसं उतरवून गाडी वरच्या गावाला जाते, तिथं वळते आणि लगेच परत येते.

हा तो मंगळवार. त्याच दिवशी बुवांनी ढीग उघडायचं ठरवलं होतं. मुद्दाम ठरवलं का, ते मी विचारलं नाही. विचारलं की शिव्या बसतात.

सकाळी सर कट्ट्यावर येऊन बसले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, दाढी केलेली. पाटीवर ठळक लिहिलेलं, ‘आज ती येते आहे. आज तरी मंत्र द्या.’

बुवांनी पाटी वाचली आणि तंबाखूचं पान कसं मुरतं ते विचारायला सुरुवात केली. मला वाटलं म्हातारं चळलं. ओल्या पानात काय असतं, वाळून मुरलेल्या पानात काय असतं, सर पाटीवर लिहीत होते, पुसत होते. तेवढ्यात विषाचं निघालं.

असो. सर गप्प बसलेले.

“पहिल्यापास्नं सांग,” बुवा म्हणाले. “ओल्या पानात काय?”

“पाणी. शंभर भागांतले ऐंशी-पंच्याऐंशी पाणीच.”

“राहिल्यात?”

“स्टार्च. म्हणजे पीठ समजा. पान उन्हात स्वतःसाठी करून साठवतं. मग प्रथिनं. मग हरितद्रव्य, ज्यानं ते हिरवं दिसतं. थोडी आम्लं, थोडा चिकटा. आणि निकोटीन.”

“आणि मुरून निघाल्यावर?”

सरांचा आवाज हळूहळू सुटायला लागला होता. वर्गात उभं राहिल्यासारखे ताठ झाले.

“पाणी गेलं. हरितद्रव्य गेलं. स्टार्चची साखर झाली आणि पुढं ती साखरही गेली. प्रथिनं निम्मीअर्धी मोडली.”

“गेलं, गेलं म्हणतोस. नेलं कुणी?”

“कुणी नाही. पानानंच खाल्लं.”

गंगव्वा भाकरी थापता थापता थांबली. “तोडलेल्या पानानं?”

“तोडलेल्या पानानं,” सर म्हणाले. “पान तोडलं म्हणून लगेच मरत नाही. झाडाकडून काही येत नाही, मग ते आपल्याच घरातलं खायला काढतं. आधी पीठ. मग साखर. सावलीत टांगलेलं असतं तेव्हा आपल्याला वाटतं नुसतं वाळतंय. ते जगत असतं. कितीतरी दिवस श्वास घेत असतं. दिवसाही आणि रात्री...”

थांबले.

वाक्य तेच होतं. फळ्यावरचं.

बुवांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उठले, गोठ्याकडं गेले, काठीनं पत्र्यावरून काहीतरी ओढून खाली पाडलं आणि घेऊन आले. तंबाखूचं पान. तोडणीच्या वेळी भाऱ्यातनं निसटून पत्र्यावर पडलेलं. कडक वाळलेलं, आणि हिरवंगार.

“हे बघ.”

सरांनी हातात घेतलं. कडा मोडून भुगा झाली.

“ह्यातलं पाणी?”

“गेलं.”

“पीठ?”

“आहे तसं आहे.”

“हिरवं?”

“दिसतंयच की. आहे तसं.”

“का? वाळलंय तर चांगलं. आमच्या शेडमधल्यापेक्षा जास्त वाळलंय.”

“पत्रा तापलेला होता, बुवा. पाणी एकदम गेलं. पान आधी मेलं. स्वतःतलं खायला त्याला वेळच मिळाला नाही.”

“आता शेडमध्ये टांगू या?”

“काही उपयोग नाही. मेलेलं पान पुढं काही करत नाही. ते हिरवंच राहणार.”

“कायमचं?”

“कायमचं.”

हे असं का होतं ते मला ठाऊक नव्हतं. हिरवं वाळलेलं पान बिडीवाला घेत नाही, एवढंच ठाऊक होतं. सरांनी सांगितलं आणि पहिल्यांदा कळलं. माणूस शिकलेला असला की उपयोग होतो.

कट्ट्याशेजारच्या न्हाणीच्या चुलीत निखारे होते. बुवांनी ते हिरवं पान मोडून अर्धं निखाऱ्यावर ठेवलं.

धूर निघाला. पिसं जळावीत तसा वास. घशात काटेरी फांदी ओढल्यासारखं झालं. मी खोकलो, सर खोकले, गंगव्वानं आतून शिव्या दिल्या. गोठ्यातल्या म्हशीनं दावं ताणलं.

मग बुवांनी गेल्या साली मुरलेलं एक तांबडं पान घेतलं आणि तेही ठेवलं. धूर झाला. कडक होता, पण घसा धरला नाही. म्हैस रवंथ करत राहिली.

“दोन्हींत विष सारखं?”

“जवळजवळ सारखं,” सर डोळे पुसत म्हणाले.

“मग मघाशी घसा कुणी धरला?”

सर उत्तर द्यायला गेले. त्यांना उत्तर येत होतं, मला त्यांच्या तोंडावर दिसलं. रसायनांची नावं ओठांपर्यंत आली होती.

बुवांनी सरांच्या मांडीवरची पाटी उचलली. पत्र्यावरच्या पानाचा जो तुकडा उरला होता, तो तिच्यावर ठेवला. आणि पाटी पुन्हा सरांच्या मांडीवर ठेवली.

“मौन कधी घेतलंस?”

“दिवाळीला. एका दिवसात, एकदम.”

...

सर त्या तुकड्याकडं बघत राहिले. पुष्कळ वेळ. काळी पाटी, वर हिरवा तुकडा.

मग एकदम म्हणाले, “पण माझं चुकलं नव्हतं, बुवा.”

“न्हाई.”

“ते वाक्य चुकीचंच होतं.”

“चुकीचंच होतं.”

“ती पोरं जन्मभर चुकीचं शिकली असती. मी डोळेझाक करायची? आजही ती काही चुकीचं बोलली तर? मान डोलवायची? मला नाही जमणार. ते खोटं होईल.”

“व्हय. खोटं हुईल.”

सरांना हे अपेक्षित नव्हतं. भांडायला दम भरून आलेला माणूस, आणि समोरचा दारच उघडं ठेवतो. असं झालं की माणूस पडतो.

“मग मी काय करू?” हा आवाज पहिल्यांदाच ऐकला मी त्यांचा. बारीक. “विष जात नाही. मौनानं नाही, मंत्रही तुम्ही देत नाही. मी त्या पत्र्यावरच्या पानासारखा झालो असेन तर माझं आता काहीच होणार नाही. तुम्हीच वदवून घेतलंत माझ्याकडून. मेलेलं पान पुढं काही करत नाही.”

“तू मेलायस का?”

“...नाही.”

“तपासून बघ.”

“नाही, बुवा.”

“मग उठ. ढिगाकडं चल. आणि त्यो पांढरा सदरा काढून ठेव, धुवायला गंगव्वा वैतागती.”

सर उठले. सदरा काढला नाही. लेक येणार होती ना.

आमच्या ढिगाची रीत सांगतो, थोडक्यात. सावलीत टांगलेलं पान तांबडं झालं, की पहाटेच्या दवानं मऊ झालेलं असताना उतरायचं, नाहीतर भुगा. मग शेडमध्ये एकावर एक रचायचं, छातीएवढं उंच. वर उसाचा पाला, त्यावर गोणपाट, त्यावर दगड. आणि सोडून द्यायचं. ढीग आपला आपण तापतो. फार तापायच्या आत उघडायचा, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत असा उलथायचा, आणि परत झाकायचा. असं होत होत पान मुरतं.

मी दगड उतरवले. गोणपाट ओढलं. पाला बाजूला सारला.

वाफ उठली ती पार आढ्याला गेली. आणि तो वास. मुतानं भरलेल्या गोठ्याचा वास दसपट करा, म्हणजे झाला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

“हा अमोनिया,” सर म्हणाले. “प्रथिनं मोडली की त्यातनं...”

“सांगू नको. हात घाल.”

सरांनी कोपरापर्यंत हात घातले. पांढऱ्या बाह्या एका क्षणात तपकिरी. मी एका अंगानं, ते दुसऱ्या अंगानं, पानांचे गठ्ठे उचलून बाजूला रचायला लागलो. काम बरं करत होते. पाटी धरायची नसली की हात मोकळे राहतात.

“ह्यो वास पानातनंच निघतोय न्हवं?” बुवा उंबऱ्यावर बसून विचारत होते.

“पानातनंच.”

“म्हणजे जायचं ते असं जातं.”

“असंच जातं.”

“डोळ्यांतनं पाणी काढत.”

 सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहतच होतं, पुसायला हात स्वच्छ नव्हता.

तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

सरांचे हात पानातच थांबले.

नीला बांधावरून आली. उंच, बापासारखीच ताठ. खांद्याला पिशवी, चपला हातात, कारण पाटाच्या पाण्यानं वाट ओली होती. शेडच्या दाराशी आली आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. बुवांना नमस्कार केला. गंगव्वानं पाण्याचा तांब्या दिला, तो घेतला. बापाकडं बघितलं.

बाप उभा. सदरा तपकिरी, केसांत पाल्याचे तुकडे, डोळे लाल, गालांवरून पाणी.

तिला काय वाटलं असेल, मी सांगू शकत नाही. तिनंही सांगितलं नाही. तिनं रस्त्याकडं एकदा बघून घेतलं. गाडी वरच्या गावाला गेली होती. परत यायची होती.

कुणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. बुवा बोलेनात. 

मग तीच बोलली. वाफेकडं बघून, शिक्षिकेच्या आवाजात, मोठ्यानं.

“केवढी वाफ ही! खाली निखारे पेरता वाटतं ढिगाच्या? खालून आग दिल्याशिवाय एवढं तापणं शक्यच नाही.”

...

साफ चूक.

गंगव्वानं डोळे मिटून घेतले. माझ्या हातातला गठ्ठा तसाच राहिला.

मी सरांकडं बघत होतो. त्यांचा उजवा हात ढिगातून बाहेर आला. तळहात वर उचलला गेला, पुढं आला, हवेतच पसरला. हाच तो हात. फळा पुसणारा. सवय माणसाच्या आधी उठते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

नीलानंही तो हात बघितला. ती एक पाऊल मागं सरली.

हात तिथंच राहिला.

मग तो वळला. तळवा आभाळाकडं झाला.

“नीला,” सर म्हणाले. घसा अजून गंजलेलाच. “बांगड्या वर कर. हात घाल आत.”

“काय?”

“हात घाल. खालपर्यंत.”

ती उंबरा ओलांडून आत आली. बांगड्या वर सारल्या. ढिगात हात घातला आणि “अगं बाई!” करून बाहेर काढला. पुन्हा घातला. आता दोन्ही. वाकली, गुडघ्यावर बसली, पानं उपसत उपसत पार जमिनीपर्यंत गेली. पिशवी कधी खाली पडली ते तिला कळलं नाही.

“खाली काहीच नाही,” ती म्हणाली. “राखसुद्धा नाही. खालची जमीन मधल्यापेक्षा गार आहे.”

“हं.”

“मग तापलं कशानं?”

सरांनी तोंड उघडलं. मला माहीत होतं आता पुस्तक बाहेर पडणार. जिवाणू आणि आम्लं आणि सगळं. तोंड उघडं राहिलं, मिटलं.

“तुला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना इतक्या महिन्यांत कुणाला काही विचारताना बघितलं नव्हतं. मंत्र सोडून.

नीला गुडघ्यावरच बसून राहिली. एक पान उचललं, नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं, डोळे मिचकावले.

“मधेच सगळ्यात जास्त तापलंय,” ती हळूहळू म्हणाली. “म्हणजे बाहेरनं काही येत नाही. आतच काहीतरी चाललंय. पानातच. शेणाचा उकिरडा थंडीत वाफाळतो... तसं?”

“तसं.”

“म्हणजे मी चुकले.”

“हो,” सर म्हणाले.

म्हणायची काही गरज नव्हती. तिनं स्वतःच कबूल केलं होतं. पण म्हणालेच. ते त्यांच्यात राहणारच, कुणाच्या बापाला निघायचं नाही.

नीला त्यांच्याकडं बघत होती. मला वाटलं, गेली आता.

रस्त्यावर हॉर्न वाजला. गाडी वरच्या गावाहून फिरली होती. फाट्यावरच्या लिंबाखाली थांबली. इंजिन घुरघुरत राहिलं. कंडक्टर वाट बघतो तो थोडीच बघतो.

“बाळाप्पा,” बुवा मला म्हणाले, “थांबलास का? पानं गार पडतील.”

मी गठ्ठा रचला. दुसरा घेतला.

नीला उठली. पिशवी उचलली, झटकली... आणि शेडच्या खांबाला असलेल्या खुंटीवर अडकवली. पदर खोचला.

गाडी गेली.

“हे कुठं रचायचं?” तिनं मला विचारलं.

“आतलं भाईर, भाईरचं आत,” मी म्हणालो. “तुमच्या वडलांना ठाऊक हाय.”

मग ती बापाच्या शेजारी उभी राहून गठ्ठे उचलायला लागली.  पानांचा आवाज, म्हशीची घंटा, तेवढंच.

“अप्पा,” ती पानांकडं बघत म्हणाली. “त्या दिवशीचं ते फळ्यावरचं...”

“ते वाक्य चुकीचं होतं,” सर म्हणाले.

मी मनात कपाळावर हात मारला.

“...पण मी पुसायला नको होतं. वर्ग तुझा होता.”

नीलानं गठ्ठा रचला. दुसरा उचलला. तिच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिनं मनगटानं गाल पुसला आणि गालावर तपकिरी पट्टा उमटला.

“हा वास कसला म्हणायचा एवढा?”

“अमोनिया,” सर म्हणाले, आणि ते म्हणेपर्यंत तीही म्हणाली, “अमोनियाच ना?”

गंगव्वा हसली. “एका भांड्यातली दोन माणसं,” म्हणाली, आणि भाकरी करपली म्हणून आत पळाली.

ऊन चढेपर्यंत आम्ही ढीग उलथला. जेवायच्या आधी सर नदीवर गेले, हात घासून धुतले, डाग गेले नाहीत, ते जात नसतात. परत आले ते झपझप चालत. चेहरा उजळलेला. नीला गंगव्वाजवळ बसून ताक घुसळत होती. सरांनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि सरळ बुवांपुढं येऊन बसले. पाठ ताठ.

“बुवा.”

“हं.”

“मला वाटतं आता मी तयार आहे. झालं माझं. आज तुम्ही स्वतःच बघितलंत. मंत्र द्यायला आता काही हरकत नसावी.”

बुवांच्या हातात ढिगातलं एक पान होतं. त्यांनी ते बोटांत चोळलं. नाकाशी नेलं. वास घेतला. उजेडाकडं धरून शिरा बघितल्या.

मग सरांकडं बघितलं. तितकाच वेळ.

“बाळाप्पा,” त्यांनी मला हाक मारली, “गोणपाट आण. झाका परत. आणखी एकदा उलथायचाय.”